विसर्जनानंतरचा किनारा साफ करताना हात कुठे घालायचा आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या उपनगरातल्या एका सोसायटीतले ३५-४० जण दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या चौपाटीवर स्वच्छतेला जातात. सोबत ८-१० शाळकरी मुलं असतात. मागच्या वर्षी एका काकांच्या पायात बुटाच्या तळव्यातून खिळा घुसला. त्यांना मधुमेह असल्याने जखम भरायला २ महिने लागले. यंदा मंडळी कचरताहेत. हातमोजे आणि मास्क आणून ठेवलेत, आणखी काय काळजी घ्यायची?

ताई, मी ३० वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी अपघात विभागात. आणि गेली १५ वर्षं महिन्यातले दोन रविवार किनाऱ्यावर, खाडीकाठी नाहीतर एखाद्या गडावर कचरा उचलते आहे. या वर्षांत सोबतच्या माणसांना झालेल्या इजा एकेक करून आठवून पाहिल्या. हातमोजे नव्हते म्हणून झालेल्या त्यात फार थोड्या. बहुतेक इजा घाईत झाल्या. आणि घाईमागे दरवेळी एकच गोष्ट होती: किती पोती भरली, किती किलो झालं, शेजारच्या गटापेक्षा जास्त की कमी.

म्हणून पहिली विनंती ही की वजनकाटा नेऊ नका आणि गटांत शर्यत लावू नका. किलो वाढवायचे म्हटलं की माणूस ओली, वाळूने भरलेली, अर्धी पुरलेली वस्तू ओढायला जातो. दोन्ही हातांनी कवळा भरतो, पोतं पायाने दाबतो. नेमकं हेच करायचं नसतं. मोजायचंच असेल तर नग मोजा. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर जी मोहीम सुरू झाली आणि जी आता सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होते, तिच्यात वस्तू मोजून लिहायची पद्धत आहे: इतक्या बाटल्या, इतकी झाकणं, इतके दोर. मोजणारा माणूस प्रत्येक वस्तूकडे बघतो. नजर आधी आणि हात मागून, एवढं जमलं तरी निम्मे धोके टळतात.

किनारा एका सकाळी साफ होत नसतो. वर्सोव्याला अफरोज शाह आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये काम सुरू केलं, आठवड्यामागून आठवडे केलं, तेव्हा कुठे मार्च २०१८ मध्ये तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तुमच्या वाट्याचं जे राहील ते राहू द्या, पुढच्या रविवारी पुन्हा जा.

आता तुमच्या दिवसाबद्दल. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस म्हणजे बहुधा पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. कोळीवाड्यातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून त्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघाच, पण ढोबळ हिशेब हाच. म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी आणि दुपारी साडेअकरा-बाराला पूर्ण भरती. भरतीच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही, मधल्या दोन तासांत निम्मं चढतं. उधाणाला मुंबईत ओहोटी आणि भरतीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान पाणी जवळजवळ पुरुषभर उंच होतं. सपाट चौपाटीवर ते किती आत येत असेल याची कल्पना करा. याच वेळेत लोक वाकून, पाण्याकडे पाठ करून कामात गढलेले असतात.

यावरून वेळेची आखणी आपोआप होते. सप्टेंबरात साडेसहाच्या सुमारास उजाडतं. त्याआधी कुणीही कशालाही हात लावायचा नाही, मोबाईलच्या उजेडात तर अजिबात नाही. उजाडल्यापासून पावणेआठपर्यंत खालच्या ओल्या पट्ट्यात काम करा. मग शिट्टी वाजवून सगळ्यांना वर घ्या, माणसं मोजा आणि पुढचा तास-सव्वा तास कोरड्या वाळूत काढा. नऊ वाजता काम बंद. अडीच तासांच्या पुढे मी कुणालाच काम करू देत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात हात जड झालेले असतात, हातमोजे काढून खिशात गेलेले असतात आणि कुणीतरी म्हणतं, "एवढं एकच पोतं भरूया." माझ्या आठवणीतली टाके घालावे लागलेली तिन्ही प्रकरणं या "एवढं एकच" मधली आहेत.

निदान चार दिवस आधी दोघांनी ओहोटीच्या वेळी जागा चालून या. नाल्याचं तोंड कुठे आहे, खडक कुठे सुरू होतात, गाळ कुठे आहे, कुत्र्यांची पिल्लावळ कुठल्या ढिगाऱ्यात आहे, हे बघून कागदावर साधा नकाशा काढा आणि जिथे जायचं नाही तिथे फुल्या मारा. नाल्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना पन्नासेक पावलं मी नेहमी फुली मारते. तिवरांत आणि खाजणातल्या गाळातही आपल्यासारख्यांनी शिरायचं नाही. वरून सुकलेला दिसणारा गाळ मांडीपर्यंत आत घेतो आणि एकाला काढायला गेलेला दुसराही अडकतो. त्याच फेरीत महापालिकेच्या चौकीवर जाऊन मुकादमांना भेटा. गाडी कधी येते, पोती कुठे लावायची, धारदार वस्तू वेगळी घेणार का, हे वॉर्ड ऑफिसच्या पत्रापेक्षा मुकादमांशी दहा मिनिटं बोलून जास्त नीट कळतं. जीवरक्षकांनाही सांगून ठेवा की इतकी माणसं अमुक वेळेला असतील.

विसर्जनानंतरच्या किनाऱ्याचा खरा धोका मोठ्या मूर्तींच्या सांगाड्यांत असतो. प्लास्टर विरघळत नाही, फुटतं. आतल्या लोखंडी सळ्या, लाकडी चौकटी, काथ्या, तारा उघड्या पडतात आणि लाटा त्यांना वाळूत उभं-आडवं रोवतात. वर दोन बोटं दिसणारी सळी खाली चार फूट असू शकते. पाटांना आणि चौरंगांना खिळे असतात, आणि पाट उलटा पडला की खिळे वर. काकांना लागलेला खिळा बहुधा असाच असावा. या वस्तू ओढायच्या नाहीत, हलवून सैल करायच्या नाहीत. शेजारी बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधा आणि मुकादमांना दाखवा. ते काम यंत्राचं आहे. सुट्टी फळी उचलावीच लागली तर दोघांनी, आधी दाताळ्याने उलटून, सगळ्या बाजू बघून.

आणखी एक सांगते, ते सुरक्षिततेचं नसलं तरी. भग्न मूर्तींचे फोटो काढून कुणी पाठवू नयेत असं गटाला आधीच सांगा. परवापर्यंत ज्याला हात जोडले तो देव आहे, अवशेष हलवताना तेवढा आब राखायचा. निर्माल्यही वेगळ्या गोणीत घ्या, पण घेताना सावध, कारण हारांत टाचण्या आणि तारा असतात. भक्तिभावाने ओंजळीत उचललेल्या हाराने बोट फाटलेलं मी पाहिलंय.

हातमोज्यांबद्दल. तुम्ही आणलेले पांढरे पातळ, दवाखान्यातले असतील तर ते या कामाला नाहीत. ते घाण अडवतात, काच अडवत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात विणलेले आणि तळव्याला रबरासारखा जाड थर दिलेले हातमोजे मिळतात, ते घ्या, आणि प्रत्येकाच्या मापाचे घ्या. ढिल्या हातमोज्यात बोटांना अंदाज येत नाही आणि माणूस वैतागून तो काढून टाकतो. लाकूड, पत्रा हाताळणाऱ्या दोघाचौघांना वेल्डिंगवाले वापरतात तसे चामड्याचे द्या. मात्र यातला कुठलाही हातमोजा इंजेक्शनची सुई अडवत नाही, हे सगळ्यांना मोठ्याने सांगा. हातमोजा घातला की माणसाचं धाडस वाढतं आणि तो न बघता हात घालतो. म्हणून उचलायचं ते चिमट्याने, उकरायचं ते दाताळ्याने. हातमोजा चिमट्याला पर्याय नाही, चुकून हात लागलाच तर त्यासाठी आहे.

पायात जाड तळव्याचे, बोटं झाकणारे बूट हवेत. चपला, सँडल, समुद्रावर जायचं म्हणून घातलेले फ्लोटर, यांपैकी काहीही घालून आलेल्या माणसाला पाणीवाटपावर बसवा, वाळूत उतरवू नका. वाईट वाटलं तरी चालेल. खेळाच्या बुटांचा मऊ तळवा खिळ्याला अडवत नाही. उलट तळव्यातला रबराचा किंवा स्पंजाचा कण खिळ्याबरोबर जखमेत जातो आणि तिथे पू धरतो. बांधकामाच्या जागेवर वापरतात ते पोलादी पत्र्याच्या तळव्याचे बूट कुणाकडे असतील तर त्यांना चौकटींजवळ ठेवा. मास्क मोकळ्या हवेत फारसा लागत नाही. कोरडी धूळ किंवा थर्माकोलचा चुरा असेल तिथे घाला, नाहीतर घामाने भिजलेला मास्क नुसता दम आणतो.

खिळा घुसला तर काय करायचं? वरून बारीक भोक दिसतं, रक्त थोडं येतं, माणूस म्हणतो काही नाही. अशी जखम अरुंद आणि खोल असते. तोंड मिटतं आणि घाण आत राहते. खिळा मोठा असेल आणि आत रुतलेला असेल तर तो उपटायचा नाही, तसाच स्थिर धरून रुग्णालयात न्यायचं. निघालेला असेल तर बूट-मोजा काढून साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, वर कोरडी पट्टी सैल बांधा. चिकटपट्टीने घट्ट बंद करू नका, हळद-चुना भरू नका. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आत काही राहिलं आहे का ते बघायला. धनुर्वाताच्या लसीचा नियम असा: लहानपणीचे डोस पूर्ण झालेले असतील तर अशा मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तेव्हाच पुन्हा घ्यावा लागतो. प्रत्येक खरचटण्यानंतर, दर सहा महिन्यांनी घेण्याची आपल्याकडची सवय अनावश्यक आहे. पण आपल्याला शेवटचा डोस कधी दिला हे चाळिशीपुढच्या बहुतेकांना आठवत नाही. नाव नोंदवतानाच विचारा, आणि आठवत नसेल तर मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा.

मधुमेहींसाठी मी कडक आहे. बरीच वर्षं मधुमेह असलेल्याला पायाची टोचणी पुष्कळदा जाणवतच नाही. काकांनी खिळा घुसल्यावरही काही वेळ काम केलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. अशा माणसांनी वाळूत न उतरता नोंदणी, मोजणी, औषधपेटी सांभाळावी आणि घरी गेल्यावर तळवे आरशात बघावेत. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा अंगावर उघडी जखम असलेल्यांनी समुद्राच्या पाण्यात हातपाय घालू नयेत, खाऱ्या पाण्यातले काही जंतू त्यांच्यात भराभर पसरतात. काकांना यंदा आवर्जून बोलवा, फक्त काम बदलून द्या.

आता सुया. किनाऱ्यावर सुया सापडतात. सगळ्याच नशेच्या नसतात. घरात इन्सुलिन घेणाऱ्यांनी कचऱ्यात टाकलेल्या, नाल्यातून वाहत आलेल्याही असतात. गटात दोघांनाच सुया उचलायची जबाबदारी द्या, बाकीच्यांनी सुई दिसली की थांबून हाक मारायची. त्या दोघांकडे लांब चिमटा आणि झाकण फिरवून घट्ट बसणारा जाड प्लास्टिकचा कॅन असू द्या, तेलाचा रिकामा पाच लिटरचा उत्तम. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार जाते. कॅन हातात धरायचा नाही, सुईशेजारी जमिनीवर ठेवायचा आणि चिमट्याने सुई आत सोडायची. टोपण पुन्हा लावायला जायचं नाही. बऱ्याच टोचण्या तिथेच होतात, रुग्णालयातसुद्धा. कॅनवर मोठ्या अक्षरांत "सुया आहेत" असं लिहून तो कुणाकडे द्यायचा हे मुकादमांशी किंवा जवळच्या पालिका दवाखान्याशी आधीच ठरवून ठेवा. तो पोत्यात टाकायचा नाही.

तरीही टोचली तर जखम पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, त्यावर फिनेल किंवा ब्लीच ओतायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि सरळ सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं, "बाहेर पडलेली सुई टोचली" असं स्पष्ट सांगायचं. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांचं औषध असतं, ते शक्य तितक्या लवकर, दोन तासांत मिळालं तर उत्तम, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ते द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील. वाळूत पडून सुकलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता फार कमी असते, हे त्या माणसाला तिथल्या तिथे सांगा, कारण त्या क्षणी भीतीने त्याचे हातपाय गार पडलेले असतात. हिपॅटायटिस बी मात्र चिवट आहे, त्याचा विषाणू सुकलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. त्याची लस आहे, ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. नेहमी या कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी असं माझं ठाम मत आहे. सापडलेली सुई तपासायला म्हणून रुग्णालयात घेऊन जाऊ नका, त्याने काही कळत नाही आणि वाटेत आणखी एकाला टोचते.

बांधलेल्या पिशव्या उघडायच्या नाहीत. आत काय आहे हे बघायची उत्सुकता साहजिक आहे, पण ती उचलून तशीच मोठ्या गोणीत टाकायची. फार जड, गळणारी किंवा दुर्गंधी सुटलेली असेल तर हात न लावता खूण करायची. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळ्या पिशवीत घालून त्यावर लाल ठिपका काढा. फुटलेली ट्यूबलाइट हाताने गोळा करू नका, तिच्यात पारा असतो. वाऱ्याकडे पाठ करून पुठ्ठ्याने भरा. सीलबंद पिंप, धातूचा डबा, सिलिंडर, फटाक्यासारखी दिसणारी नळकांडी यांपासून सगळ्यांना लांब घ्या आणि ११२ ला कळवा. हे मी उगाच सांगत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा कंटेनर समुद्रात पडले. काहींत कीटकनाशकं होती, त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडही, जे ओलसर झालं की विषारी वायू सोडतं. दुसऱ्या कंटेनरांतले बिस्किटांचे पुडे किनाऱ्याला लागले होते. वाहून आलेली वस्तू खाऊची आहे की विषाची, हे तिच्या रंगरूपावरून कळत नाही.

जाळ्यांबद्दल एक. किनाऱ्यावर पडलेलं प्रत्येक जाळं टाकाऊ नसतं, सुकत घातलेलंही असतं. कोळीवाड्यात विचारल्याशिवाय हात लावू नका, हजारोंचं नुकसान होतं आणि भांडणं होतात. खरंच टाकलेलं, वाळूत पुरलेलं जाळं ओढू नका, कंबर धरते. दिसतं तेवढं विळ्याने कापून घ्या. जाळ्यात कधी समुद्रसाप अडकलेला असतो, मेल्यासारखा दिसला तरी हात लावायचा नाही. आपल्याकडचं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, समुद्रसापावर ते चालत नाही.

पाण्यातल्या जीवांचा त्रास विसर्जनाच्या दिवसांत होतोच. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी (स्टिंग रे) कित्येक भाविकांना जखमी केलं होतं. पाकट वाळूत दबून बसतो आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. म्हणून घोट्याच्या वर पाण्यात जायचंच नाही, आणि जावं लागलंच तर पाय उचलून न टाकता घासत चालायचं, चाहूल लागली की तो सरकतो. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवा, वेदना कमी होते. मात्र गरमपणा दुसऱ्या माणसाने हात घालून आधी बघावा, दुखऱ्या पायाला अंदाज राहत नाही. मग रुग्णालय. निळे फुगे, ज्यांना ब्लू बॉटल म्हणतात, वाळूवर मेलेले असले तरी त्यांचे धागे डसतात. मुलं ते हमखास उचलतात. डसलं तर चोळायचं नाही, वाळू किंवा लिंबू लावायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, धागे चिमट्याने काढून, मग गरम पाणी. एक मोठा थर्मास भरून गरम पाणी न्या, ते चहाला वापरायचं नाही असं बजावून.

मुलांचं काय? स्पष्ट सांगते, या एका दिवशी त्यांना वाळूत कचरा उचलायला उतरवू नका. सळ्या, खिळे, काचा यांच्यात बारा वर्षांखालच्या मुलांना उतरवायची माझी तयारी नाही, चिमटा देऊनही नाही. त्यांना वरच्या कट्ट्याजवळ नोंदीचं काम द्या. मोठी माणसं येऊन सांगतील, मुलं तक्त्यात रेघा मारतील. हे काम खोटं नाही. नग मोजायचे ठरवलेत की मोजणारे लागतातच, आणि मुलं ते आपल्यापेक्षा नेटाने करतात. पिशव्यांना लेबलं लावणं, पाणी देणं, शिट्टी वाजवणंही त्यांच्याकडे द्या. उचलायची हौस पुरवायला डिसेंबर-जानेवारीतला एखादा शांत रविवार निवडा, किनारा तेव्हा ओळखीचा आणि सोपा असतो.

कुत्रा चावला, नुसता दात घासला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत ती मिळते. विंचवाचा प्रश्न चौपाटीवर क्वचित, पण तुमच्यापैकी कुणी गडांवर स्वच्छतेला जात असेल तर दगड हाताने उलटवू नका. कोकणातला लाल विंचू डसल्यावर दरदरून घाम, गार हातपाय, धडधड अशी लक्षणं दिसली तर ते हृदयावर बेततं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून त्यावर उपचार आहे, फक्त वेळेत पोचलं पाहिजे. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आता मी ज्यासाठी एवढं लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे पोतं. तुमचं काम नऊला संपतं, पोत्याचं नाही. ते सफाई कामगार पाठीवर घेऊन गाडीत टाकतो, मग कुठेतरी कचरा वेचणारी बाई त्यात हात घालते. तिच्या हातात बहुधा तुमच्यासारखे हातमोजे नसतात. अपघात विभागात असताना मांडीला, पाठीला काच लागलेले कामगार मी कितीदा पाहिले, आणि दरवेळी कारण तेच: कुणीतरी भरलेल्या पोत्यातून बाहेर आलेली काच. म्हणून काच वेगळ्या, जाड गोणीत, तीही अर्धीच भरलेली, वर लाल फीत बांधून आणि "काच" असं मराठी-हिंदीत लिहून द्या. लोखंड वेगळं. कुठलंही पोतं दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही, पायाने किंवा हाताने दाबायचं नाही, छातीशी कवटाळायचं नाही. तोंडाकडून धरून, अंगापासून लांब, दोघांनी न्यायचं. मी स्वतः एकदा पोतं तळहाताने दाबलं होतं. बाटलीचा तुकडा हातमोज्यातून आत गेला, अंगठ्याच्या मुळाशी चार टाके पडले. त्या पोत्याला पुढे ज्याचा हात लागला असता, तो मला आजही डोळ्यासमोर येतो.

पोती लावून झाली की मुकादमांना दाखवा, कुठल्यात काय आहे सांगा, आणि गाडीवरच्या माणसांनाही तोंडी सांगा. उरलेले चांगले हातमोजे धुऊन घरी नेऊ नका, त्यांना विचारून द्या.

पाण्याचं म्हणाल तर माणशी निदान एक लिटर, शिवाय जलसंजीवनी. पुड्या नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सप्टेंबरचा दमट उकाडा अंगाला कळत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं की सावलीत बसायचं, "थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही. खाण्यापिण्याआधी हातमोजे उलटे सोलून काढा आणि कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. वडापाव येतो तेव्हा ही शिस्त पहिली मोडते, म्हणून वडापाव धुण्याच्या बादलीच्या पलीकडे ठेवा. घरी गेल्यावर आधी अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे, बूट उन्हात.

शेवटी लेप्टोबद्दल, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाबद्दल. पाऊस पडून गेलेला असेल, नाल्याचं पाणी वाळूवर पसरलेलं असेल आणि पायाला जखम असताना कुणी त्यातून चाललं असेल, तर त्याने चोवीस तासांत, फार तर तीन दिवसांत डॉक्टरांना भेटावं. गरज असेल तर ते प्रतिबंधक गोळी देतात, ती मनाने घ्यायची नाही, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर नाहीच. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं ही लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येतात. तोवर माणूस चौपाटी विसरलेला असतो आणि डॉक्टरांना नुसतं "व्हायरल असेल" म्हणतो. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर आठव्या आणि पंधराव्या दिवशी तुम्ही स्वतः निरोप टाका: कुणाला ताप आहे का, कुणाची जखम ठणकते आहे का, आणि असेल तर डॉक्टरांना सांगा की अमुक दिवशी किनाऱ्यावर कचरा उचलत होतो. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना फोन करा. काकांना आधी.